पावणेतीन तास पुरतील हो, पण व्हिसावरच्या ‘०१’चं काय?

तुमचा प्रश्न असा आहे: २ जुलैला दुपारी सव्वा वाजता ऑस्लोहून लाँगयिअरब्येनला (आर्क्टिकमधल्या, नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरचं गाव) उतरायचं आणि त्याच दिवशी चार वाजता जहाजावर चढायचं. सोबत पत्नी आणि ७१ वर्षांच्या आई. मधले पावणेतीन तास पुरतील का? विमानतळ कसा आहे, गाडी मिळते का, आईंना थंडी बाधेल का, शाकाहारी जेवणाचं काय? आणि अगदी शेवटी, जाता जाता लिहावं तसं एक वाक्य: ‘व्हिसावर एंट्रीच्या रकान्यात ०१ आहे, पण स्वालबार्डला व्हिसा लागत नाही असं वाचलंय, त्यामुळे ती काळजी मिटली.’

बाकी सगळं सावकाश बघू. आधी ते शेवटचं वाक्य.

मी कोण ते थोडक्यात सांगते, म्हणजे मी एवढी घाई का करतेय ते कळेल. सात वर्षं मी तिकिटांच्या काउंटरवर काढली आणि गेली अकरा वर्षं उन्हाळ्यात मराठी-गुजराती मंडळींचे छोटे गट घेऊन आर्क्टिकच्या जहाजांवर जाते. या प्रवासात माणसं अडकतात ती अस्वलामुळे, बर्फामुळे किंवा समुद्र लागल्यामुळे फारशी नाहीत. ती अडकतात ऑस्लोच्या गार्डरमोएन विमानतळावर, उबदार आणि लख्ख दिव्यांच्या इमारतीत, पासपोर्टच्या खिडकीसमोर.

स्वालबार्डला व्हिसा लागत नाही हे खरं आहे. १९२० साली पॅरिसमध्ये झालेल्या करारानं या बेटांवर नॉर्वेचं सार्वभौमत्व मान्य झालं, १९२५ मध्ये तो अमलात आला. ब्रिटिशांच्या छत्राखाली का होईना, त्यावर भारताचीही सही आहे. नॉर्वे शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येतं अशा युरोपातल्या देशांच्या गटात आहे, पण स्वालबार्ड शेंगेनच्या बाहेर. त्यामुळे तिथं उतरल्यावर तुम्हाला कुणी व्हिसा विचारत नाही. मात्र तिथं जाणारी नियमित विमानं नॉर्वेतूनच सुटतात, ऑस्लोहून किंवा ट्रॉम्सोहून. म्हणजे तुम्ही आधी शेंगेनमध्ये शिरता (ही झाली एंट्री क्रमांक १), मग गार्डरमोएनला पासपोर्ट दाखवून शेंगेनमधून बाहेर पडता आणि लाँगयिअरब्येनला जाता. आठवड्यानं परत ऑस्लोला उतरता तेव्हा पुन्हा शिरता. ती एंट्री क्रमांक २. तुमच्या व्हिसावर ती नाही.

आता पासपोर्ट काढा आणि व्हिसाचं पान उघडा. तारखांच्या जवळच एंट्रींच्या संख्येचा एक छोटा रकाना असतो. तिथं ०१, ०२ किंवा ‘मल्ट’ (म्हणजे कितीही वेळा) यांपैकी काहीतरी छापलेलं असतं. तिघांचेही व्हिसा वेगवेगळे बघा. एकाच घरातल्या, एकाच दिवशी अर्ज केलेल्या माणसांना वेगवेगळा आकडा मिळालेला मी पाहिलाय.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. माझ्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी गटातल्या एका जोडप्याच्या व्हिसाच्या तारखा मी दोनदा तपासल्या होत्या, एंट्रीचा रकाना नाही. बाईंना ०२, साहेबांना ०१. मुंबईच्या काउंटरवर कुणाच्या लक्षात आलं नाही, यायचं कारणही नव्हतं, पहिल्या प्रवेशाला तो व्हिसा चालतोच. गार्डरमोएनच्या खिडकीतल्या अधिकाऱ्यानं पान उलटलं, शांतपणे विचारलं, ‘परत कसे येणार?’ आणि माझ्या पोटात गोळा आला. दोघांनी आठ दिवस ऑस्लोची म्युझियमं पाहिली. जहाजाच्या पैशातला एक रुपया परत मिळाला नाही. ते आजही दिवाळीला फोन करतात, आणि दर वेळी मलाच ओशाळल्यासारखं होतं.

‘व्हिसा लागत नाही’ ही अर्धवट माहिती पसरते कुठून, तर लिहिणारे बहुतेक युरोपियन किंवा अमेरिकन असतात. त्यांना शेंगेनमध्येही थोड्या दिवसांसाठी व्हिसा लागत नाही, त्यामुळे कितीदा शिरलो आणि निघालो याचा हिशेब त्यांच्या गावी नसतो. तुमचा न्यू जर्सीतला अमेरिकन पासपोर्टवाला चुलतभाऊ ‘काही लागत नाही रे’ म्हणाला, तर तो खोटं बोलत नाहीये. तो त्याच्यापुरतं खरं सांगतोय.

उपाय काय? तुम्ही लिहिलंय की हातात दहा आठवडे आहेत. ते पुरेसे आहेत, पण रेंगाळण्याइतके नाहीत, कारण हा उन्हाळी गर्दीचा मोसम आहे आणि अपॉइंटमेंट मिळायलाच वेळ जातो. जिथं अर्ज दिला होतात त्या केंद्राशी उद्याच बोला. छापलेल्या व्हिसात पेनानं दुरुस्ती होत नाही, त्यामुळे बहुधा नव्यानं अर्ज करावा लागेल. या वेळी फॉर्ममधल्या ‘किती एंट्री हव्यात’ या रकान्यात दोन किंवा अनेक असं भरा. सोबतच्या पत्रात मार्ग ठळकपणे लिहा: मुंबई–ऑस्लो–लाँगयिअरब्येन–ऑस्लो–मुंबई. जहाजाचं कन्फर्मेशनही जोडा, त्यात चढण्याचं आणि उतरण्याचं बंदर स्पष्ट दिसलं पाहिजे. माझा अनुभव असा की व्हिसा देणारा माणूस आडमुठा नसतो. अर्जात ‘नॉर्वे, ११ दिवस’ एवढंच लिहिलेलं असलं की तो तरी काय करणार, त्याला एकच प्रवेश दिसतो.

जहाज आइसलँडला किंवा ट्रॉम्सोला संपत असलं तरी हिशेब हाच. दोन्ही शेंगेनमध्येच येतात.

आता वेळेचा प्रश्न. विमान सव्वा वाजता खरोखर टेकलं, तर पावणेतीन तास भरपूर आहेत. इतका लहान विमानतळ आहे की दाराशी उभं राहून हाक मारली तर बॅगेच्या पट्ट्याशी ऐकू येईल. गावापासून तो पाच-एक किलोमीटरवर आहे, विमान आलं की बस बाहेर उभीच असते, धक्का गावातच आहे. अर्ध्या-पाऊण तासात माणूस विमानातून गावात पोहोचतो.

पण ते ‘टेकलं तर’ फार मोठं आहे.

उन्हाळ्यात तिथं वादळं कमी, धुकं जास्त. समुद्रावरून पांढरा पडदा सरकत फ्योर्डमध्ये, म्हणजे डोंगरांमधल्या चिंचोळ्या खाडीत येतो आणि धावपट्टी झाकून टाकतो. विमानतळ पाण्याच्या अगदी काठाशी आहे आणि आजूबाजूला डोंगर. एका जुलैत आमचं विमान लाँगयिअरब्येनच्या डोक्यावर आलं. खिडकीतून डोंगरांचे माथे उन्हात चमकताना दिसत होते, खाली मात्र कापूस पसरलेला. दोन चकरा मारल्या आणि वैमानिकानं सांगितलं, आपण ट्रॉम्सोला परत जातोय. ट्रॉम्सो म्हणजे दीड-पावणेदोन तास मागं. रात्र तिथं काढली, दुसऱ्या दिवशी दुपारी पोहोचलो. आमचं जहाज त्या संध्याकाळी सुटणार होतं, कारण मी गटाला कायम एक दिवस आधी नेते. विमानातल्या आणखी चौघांचं जहाज आदल्याच संध्याकाळी निघून गेलं होतं.

तुम्ही म्हणाल, मग पुढच्या बंदरावर गाठू. भूमध्य समुद्रातल्या क्रूझवर हे जमतं. बार्सिलोनाला चुकलं तर मार्सेला गाठा. इथं पुढचं बंदर नसतं. लाँगयिअरब्येनहून दुसऱ्या कुठल्याही वस्तीला रस्ता नाही. न्यू-ऑलेसुंदला छोटी धावपट्टी आहे, पण ती तिथल्या संशोधकांच्या विमानांसाठी. बाकी हिमनद्या, दगड आणि पाणी. जहाज सुटलं की तुमच्यासाठी ती सहल संपली.

जहाज थांबत नाही का? कधीकधी थांबतं. एकाच उशिरा येणाऱ्या विमानात निम्मे प्रवासी असतील तर कप्तान चार-पाच तास धक्क्यावर काढतो. कंपनीनं स्वतः चार्टर विमान ठरवलेलं असेल तर जहाज त्या विमानाची वाट बघणारच. पण तुम्ही स्वतंत्रपणे तिकीट काढलंय आणि जहाजावरच्या शंभर-सव्वाशे जणांत तुम्ही तिघंच उशिरा, तर नाही थांबणार. म्हणून बुकिंगच्या कागदात एक गोष्ट शोधा: ऑस्लो–लाँगयिअरब्येन विमान पॅकेजमध्ये आहे की वेगळं? पॅकेजमध्ये असेल तर जबाबदारी त्यांची, त्याच दिवशी पोहोचलात तरी एक वेळ चालेल. वेगळं असेल, आणि तुमच्या लिहिण्यावरून तसंच वाटतंय, तर ३० जूनला पोहोचा. ते झेपत नसेल तर निदान १ जुलैला. दोन रात्री म्हणजे हॉटेलचा खर्च वाढतो, आणि तिथली हॉटेलं स्वस्त नाहीत, मला मान्य आहे. पण जहाजाच्या एका दिवसाचा खर्च काढून बघा आणि मग हॉटेलच्या दराशी तुलना करा.

अजून एक कारण आहे, आणि ते आईंसाठी जास्त महत्त्वाचं. मुंबईहून निघाल्यावर तुम्ही तीन विमानं बदलून येणार. शेवटचा टप्पा ऑस्लोहून तीन तासांचा. त्या थकव्यात त्याच संध्याकाळी जहाज हलायला लागलं, की तरण्याताठ्या माणसालाही मळमळतं.

बॅगेबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण सांगते, कारण माणसाइतकीच बॅगही चुकते. मुंबईला काउंटरवर बॅगेला टॅग लावतील तेव्हा त्यावरची तीन ठळक अक्षरं वाचा. एलवायआर असेल तर बॅग लाँगयिअरब्येनपर्यंत टॅग झालीय. ओएसएल असेल तर ती ऑस्लोलाच पट्ट्यावर येणार, तुम्ही घ्यायची, पुन्हा चेक-इन करायची. सगळी तिकिटं एकाच पीएनआरवर (बुकिंग क्रमांकावर) आहेत की वेगळी, यावर हे बरंचसं ठरतं. टॅग काहीही म्हणो, ‘ऑस्लोला कस्टमसाठी बॅग काढावी लागेल का?’ हे तोंडानं विचारा आणि उत्तर मिळाल्याशिवाय काउंटर सोडू नका. रात्री दोन वाजता, मागं रांग असताना, हे विचारायला संकोच वाटतो. वाटू दे. शिवाय शेंगेनच्या सीमेवर ऑक्टोबर २०२५ पासून बोटांचे ठसे आणि फोटो घेणारी नवी पद्धत सुरू झालीय, तिथंही वेळ जातो. ऑस्लोला दोन विमानांमध्ये चार तासांपेक्षा कमी ठेवू नका. शक्य असेल तर एक रात्रच ठेवा.

तुमचं ऑस्लोचं विमान ट्रॉम्सोला थांबून जाणारं असेल, तर ट्रॉम्सोला सगळ्यांना हातातल्या सामानासकट उतरवतात, पासपोर्ट तपासतात आणि पुन्हा त्याच विमानात बसवतात. नवखे लोक घाबरतात, उगाच. फक्त सीटवर काही विसरू नका.

हातातल्या बॅगेत काय हवं? तिघांची सगळ्या दिवसांची औषधं, प्रिस्क्रिप्शनसकट. चष्मा, कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या, प्रत्येकाचा एक थर्मलचा जोड, हातमोजे, कानटोपी. जाड जॅकेट अंगावर किंवा हातावर. चेक-इनची बॅग एक दिवस उशिरा आली आणि जहाज सुटलं, तर ती तुमच्या मागून येऊ शकत नाही. आमच्या गटातल्या एका काकूंनी सात दिवस माझ्या दोन थर्मलवर आणि जहाजातल्या उसन्या पॅन्टवर काढले. फोटोत छान दिसतात, पण त्यांना विचारा. गावात कपड्यांची चांगली दुकानं आहेत, स्वालबार्डला व्हॅटही नाही, तरी किमती बघून तुम्ही मनातल्या मनात रुपयांत गुणाकार करणार आणि बाहेर पडणार.

इथवरचं एका दमात: व्हिसावर दोन एंट्री, पोहोचायचं ३० जूनला, टॅग वाचायचा, औषधं हातात. एवढं झालं की उरलेलं सगळं मजेचं आहे.

आता विमानतळ. १९७५ मध्ये सुरू झालेला हा विमानतळ ७८ अंश उत्तरेला आहे, नियमित प्रवासी विमानं उतरतात असा जगातला सगळ्यात उत्तरेचा. उत्तर ध्रुव तिथून साधारण १,३०० किलोमीटर, म्हणजे मुंबई ते दिल्लीपेक्षा जरा जास्त. धावपट्टीखालची जमीन वर्षभर गोठलेली असते आणि अलीकडे ती वरच्या थरात सैल होऊ लागलीय, त्यामुळे पट्टीची डागडुजी सतत चालू असते. उतरताना जरा हादरे बसले तर दचकू नका.

विमानाच्या दाराला इमारतीत नेणारा बोगदा (एरोब्रिज) लागत नाही. शिडी लागते, खाली उतरायचं आणि चालत इमारतीकडं जायचं. पहिला श्वास तिथं. तुम्ही नाशिकचे, म्हणून सांगते: जुलैत तिथलं सरासरी तापमान सहा-सात अंश असतं, म्हणजे थंडीतली निफाडची पहाट. आईंनी निफाड सोसलंय, तर हेही सोसतील. फरक वाऱ्याचा. निफाडला नऊ वाजता ऊन अंगावर येतं आणि माणूस सैलावतो. इथं ऊन चोवीस तास असतं पण त्याला ऊब नाही, आणि वारा कपड्यांच्या फटी शोधत फिरतो. जॅकेट विमानातच घालून चेन गळ्यापर्यंत ओढून मगच शिडीकडं जा. आईंना पायऱ्यांचा त्रास असेल तर विमान कंपनीला निदान ४८ तास आधी मदत हवी म्हणून कळवा, आयत्या वेळी मागितलेली मदत अशा छोट्या ठिकाणी लगेच उभी राहत नाही.

आत आलात की पासपोर्टची रांग नाही, ती ऑस्लोलाच झाली. समोर बॅगेचा एकमेव छोटा पट्टा आणि त्याच्या मधोमध पेंढा भरलेलं पांढरं अस्वल. बॅगा त्याच्या पायाशी गोल फिरत असतात. माणसं बॅग सोडून त्याचेच फोटो काढतात आणि बॅग तीन फेऱ्या मारून येते. बाहेर पडल्यावर अस्वलाचं चित्र असलेली त्रिकोणी पाटी दिसेल. तिच्यावर नॉर्वेजियनमध्ये लिहिलंय, ‘संपूर्ण स्वालबार्डला लागू’. फोटो जरूर काढा, पण ती पाटी शोभेची नाही. विमानतळाच्या जवळच तंबूवाल्यांची जागा आहे, तिथं ऑगस्ट २०२० मध्ये अस्वलाच्या हल्ल्यात एका माणसाचा जीव गेला. म्हणून ‘हवा छान आहे, पाच किलोमीटर चालतच जाऊ’ असं करू नका. बस विमानाच्या वेळेला धरून असते, रात्री उशिराच्या विमानालाही, आणि हॉटेलांच्या दाराशी थांबते. टॅक्सी आहेत, मोजक्या. कार्ड सगळीकडं चालतं, क्रोनर खिशात नसले तरी अडत नाही.

बस निघाली की चढाच्या बाजूला मान वर करून बघा. डोंगरातून बाहेर आलेली काँक्रीटची अरुंद पाचर दिसेल. ती २००८ मध्ये उघडलेली जगाची बियाण्यांची तिजोरी. आत जाता येत नाही, पण हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या कोरडवाहू पिकांच्या संशोधन संस्थेनं पाठवलेली ज्वारी, बाजरी, तूर आणि हरभऱ्याची बियाणी त्या डोंगराच्या पोटात ठेवलेली आहेत. आईंना हे सांगा. माझ्या गटातल्या सोलापूरच्या एका आजींनी ते ऐकून बसमधूनच हात जोडले होते.

जास्तीचा दिवस गावात कसा घालवायचा? हॉटेलात, म्युझियममध्ये, काही खानावळींतही दाराशी बूट काढावे लागतात. हा खाणकामगारांच्या काळातला रिवाज, कोळशाची भुकटी घरात येऊ नये म्हणून. १९०६ च्या सुमाराला जॉन लाँगयिअर नावाच्या अमेरिकनानं इथं कोळशाची खाण सुरू केली, गावाला नावही त्याचंच. शेवटची नॉर्वेजियन खाण २०२५ मध्ये बंद झाली, बूट काढायची सवय उरली. आपल्याला त्याचं काही विशेष नाही, आपण आयुष्यभर तेच करतो. मात्र मोजे न फाटलेले न्या.

गावाच्या हद्दीतच फिरा. रेनडिअर रस्त्याच्या कडेला चरताना दिसतील, आखूड पायांचे, गुबगुबीत. टर्न नावाचे पांढरे पक्षी जुलैत जमिनीवरच घरटी करतात, जवळ गेलं की थेट डोक्यावर झडप घालतात. हात किंवा काठी डोक्याच्या वर धरायची, ते सगळ्यात उंच टोकाला चोच मारतात, आणि मागं फिरायचं. रात्री झोपताना पडदे घट्ट ओढा. एप्रिलच्या विशीपासून ऑगस्टच्या विशीपर्यंत सूर्य मावळतच नाही, आणि मध्यरात्रीचं ऊन बघत बसण्याच्या नादात पहिल्या रात्री कुणी झोपत नाही.

जहाजाच्या दिवशी सकाळी मोठ्या बॅगा हॉटेलच्या लॉबीत ठेवायला सांगतात. प्रत्येक बॅगेला केबिनचा नंबर लिहिलेला टॅग हवा, तो आधी ई-मेलनं येतो किंवा तिथं देतात. बॅगा परस्पर केबिनच्या दाराशी जातात, तुम्ही दुपारी बसनं धक्क्यावर. धक्का रिकामा असेल तर जहाज लागलेलं असतं, नसेल तर ते फ्योर्डमध्ये उभं असतं आणि तुम्हाला झोडियाक नावाच्या रबरी होडीतून नेतात. म्हणून त्या दुपारी कॅमेरा, पासपोर्ट आणि औषधं वॉटरप्रूफ पिशवीत घालून पाठीवर. पाठीवरच, हातात नाही.

निघण्याआधी घरी एक काम करून या. बूट, सॅक आणि जॅकेटच्या वेल्क्रोमधून टाचणीनं कचरा काढा. पहिल्या उतरण्याआधी जहाजावर सगळ्यांच्या कपड्यांवरून व्हॅक्यूम फिरवतात, बाहेरचं बी तिकडं रुजू नये म्हणून. ताम्हिणीला पावसात वापरलेल्या सॅकच्या वेल्क्रोत कुसळं निघतात, माझ्याच सॅकमधून निघाली होती, सगळ्यांसमोर.

खाण्याचं: जहाजाच्या फॉर्ममध्ये ‘शाकाहारी’ एवढंच लिहू नका, अंडं आणि मासे चालतात की नाही तेही लिहा, कारण तिकडच्या कित्येक स्वयंपाक्यांच्या लेखी मासा म्हणजे शाकाहारच. सोबत भडंग, भाकरवडी, दाण्याची चटणी न्या. पेढे, श्रीखंड, तूप नको. भारतातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नॉर्वेत नेता येत नाहीत, कस्टमवाले टाकून देतात.

विमा उतरवताना आणीबाणीत विमानानं हलवण्याचा खर्च त्यात आहे का ते बघा, आणि क्रूझसाठी तो लागू आहे का तेही. लाँगयिअरब्येनचं रुग्णालय छोटं आहे, गंभीर काही झालं तर ट्रॉम्सोला नेतात. आईंच्या वयाला जहाज कंपनी डॉक्टरचा दाखला मागेल. त्यात गुडघ्याचं खरं ते लिहा. लपवून चढलेल्या माणसाला मग होडीत उतरूच देत नाहीत.

अस्वल किती जवळून दिसेल, हे विचारायचं राहिलंय तुमचं, पण आई विचारणारच. १ जानेवारी २०२५ पासून अस्वलापासून ३०० मीटर लांब राहायचा नियम आहे, आणि मार्च ते जूनअखेर ५०० मीटर. तुम्ही २ जुलैला निघताय, म्हणजे ३००. चांगली दुर्बीण न्या, प्रत्येकी एक. एका दुर्बिणीवर तिघं म्हणजे अस्वल निघून गेल्यावर भांडण. जहाज न्यू-ऑलेसुंदला गेलं तर तिथं आपलं ‘हिमाद्री’ हे संशोधन केंद्र आहे, २००८ पासून, गोव्यातल्या वास्कोची ध्रुवीय संशोधन संस्था ते चालवते. तिथं फोन फ्लाइट मोडवर, वाय-फाय आणि ब्लूटूथ बंद ठेवावं लागतं, संशोधनाच्या उपकरणांना अडथळा येतो म्हणून. फोटो काढता येतो, रस्ता सोडायचा नाही.

राहता राहिलं आईंचं होडीत चढणं. थंडीपेक्षा मला त्याची काळजी जास्त आहे, आणि त्याची तयारी नाशिकच्या घरातच होते. स्वयंपाकघरातलं बुटकं स्टूल घ्या. आईंना त्यावर चढायला आणि उतरायला सांगा, रोज दहा वेळा, तुम्ही समोर उभे राहा. हात देताना पंजा धरू नका, एकमेकांचं मनगटाच्या वरचं कोपरापर्यंतचं हाड धरा, त्यांनी तुमचं आणि तुम्ही त्यांचं. खलाशी असंच धरतात, ओला हातमोजा असला तरी पकड सुटत नाही. दहा आठवडे केलंत तर त्या माझ्या गटातल्या पन्नाशीच्या माणसांपेक्षा नीट उतरतील.

आणि हो, पासपोर्टच्या पानाचा फोटो इथं टाकू नका, कुणालाच पाठवू नका. रकान्यात ०२ आलं की तेवढं फक्त कळवा.